पन्हळाई

घटस्थापनेच्या आठ दिवस आधी
तेरमधले देव माझ्या दुकानात येतात.
फडक्यात, डबीत, एखादा नुसता मुठीत.
खंडोबा, भैरोबा, तुळजापूरची आई,
वर्षभराच्या हळदी-तेलानं मेणचटलेले.
रिठ्याच्या पाण्यात बुडवतो, घासतो,
ओळख पटली की मोजून परत देतो.

केवळाबाईंच्या डबीत चार टाक.
तीन चौकोनी. एक गोल,
काठ वेडावाकडा.

विचारलं, ही कोण?
"पन्हळाई," त्या म्हणाल्या,
ही माझी मावसबहीण म्हणावं तशा.
सासूच्या सासूनं टेकाडाची पांढरी आणून
माळवदावर टाकली होती,
आणि उत्तरेच्या पावसात ही पन्हळीतून घरंगळत
भांडी घासणाऱ्या बाईच्या पुढ्यात पडली.
मागितली नव्हती. आली.
म्हणून हिला नैवेद्य
पातेल्याच्या बुडाच्या खरवडीचा.

भिंग लावलं.
एक बाई उभी. अंगभर वस्त्र,
चुण्या आमच्या कुठल्याच ठशात नसलेल्या.
डाव्या हातात शिंग, त्यातून फळं सांडतायत.
उजव्या हातात तराजू.

तराजू!
देवीच्या हातात त्रिशूळ पाहिला, तलवार पाहिली,
राक्षसाची शेंडी पाहिली.
माझ्या धंद्याचं हत्यार घेतलेली
ही पहिलीच.
मागं एक राजा,
डोक्याला पानांची चुंबळ बांधून
चार पिढ्या पाटाकडं तोंड करून पडलेला.

गलबतातून भडोचला उतरली असेल,
तिथून बैलगाडीनं घाट चढून तगराला,
कुणाच्या तलम कापडाच्या बदल्यात.
ज्याला मिळाली त्यानंही
आधी वजनच केलं असेल.
मीही केलं. तीन ग्रॅम, वर दोन गुंजा.

लातूरच्या माणसाला फोन लावला.
तो एक आकडा बोलला.
आकडा इथं लिहीत नाही,
पण त्या रात्री बागेसरी विझली नाही.

खरं सांगतो, हात इतका चांगला
उभ्या जन्मात चालला नव्हता.
चुणी न् चुणी उतरवली, शिंगातलं एकेक फळ,
कडेची अक्षरं मुंग्यांच्या रांगेगत, न वाचता.
जुनी दिसायची गरजच नव्हती,
उजळून देण्याचेच तर पैसे घेतो मी.
फक्त तिचं नाक झिजून सपाट झालेलं,
तेवढं मला बघवेना.
कारागीर माणूस. नाक दिलं मी तिला.
सरळ, पातळ,
गाव कोणतं का असेना, देखणं.

केवळाबाई आल्या. डबी उघडली.
तिघांकडं पाहिलं.
पन्हळाईकडं पाहिलंच नाही,
कुंकू लावताना फिरतो तसा अंगठा फिरवला,
आणि अंगठा अडला.

"डहाळे, हिला नाक कुठून आलं?"

आवाजात राग नव्हता.
कौतुकही असेल, मला अजून कळत नाही.
म्हणाल्या, आमच्या तीन सासवांनी मिळून
घासलंय ते नाक.
रोजचं थोडं थोडं.

गल्ल्यातून जुनी काढून दिली.
म्हणालो, डब्या बदलल्या.
त्या म्हणाल्या, बदलतात.
मजुरीत वीस रुपये कमी दिले,
मी मागितले नाहीत.

नवी माझ्याकडंच आहे,
काट्याच्या वर, खिळ्याला.
लातूरचा माणूस भिंगातून बघून गेला,
हसला, चहा पिऊन गेला.
बारीक बघितलं तर तिचा तराजू
डावीकडं किंचित झुकलाय.
ठसा मारताना हललं असावं काही.

गिऱ्हाईक विचारतं, ही कोण?
नाव अजून ठरलेलं नाही.
दुकान उघडताना अंगठा मात्र
एकदा फिरवतो नाकावरून.